मानस

चौथ्या खाटेपर्यंत यंत्र ढकलत नेते.
एक चाक अडतं,
रोज त्याच फरशीवर.

सोयरू चोडणकर, वय अठ्ठावन्न.
खाजनाच्या चिखलातून चढलेला ताप, उंदरांचा.
डोळे हळद कालवल्यासारखे.
खाटेखालच्या पिशवीत कालपासून
अर्धा कप चहा मावेल इतकीच लघवी,
तीही चहाच्याच रंगाची.

काम काय करता, विचारते,
जेल गार लागेल हे सांगायचं विसरून.
"मानशीर आसतां."
मानस. मन नव्हे,
बांधातलं लाकडी दार.
भरती आली की आपणच मिटतं,
ओहोटीला आपणच उघडतं,
तरी त्याच्यापाशी रात्रभर जागं एक माणूस लागतं.
का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बरगडीखाली प्रोब टेकवते.
पडद्यावर तांबडं, निळं,
आणि यंत्रातून आवाज:
शूप.
शूप.
धडधाकट मूत्रपिंडाच्या आवाजाला शेपूट असतं;
ठोका सरला तरी रक्त
गुणगुणत पुढे सरकत राहतं.
इथे ठोक्यानंतर काही नाही.
अहवालात मी लिहीन: रोध, शून्य पॉइंट शहाऐंशी.

सोयरू डोळे न उघडता ऐकत होता.
"दार फुगलां, बाये," म्हणाला.
"उदक पियेलां लाकूड."

खरंच फुगलं होतं.
तेरा सेंटीमीटर, दोन्हीकडे.

सिस्टर ऑर्फेलिना कुपी हलवते,
आत दूध झाल्यासारखं पांढरं.
दोन मिलिलिटर, शिरेतून, सावकाश.
रक्तपेशीहूनही बारीक बुडबुडे, लाखोंनी.
देह म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा,
असं माशेलच्या देवळात बुवा सांगायचे,
आणि आम्ही पोरं खांबामागे जांभया द्यायचो.
बुवांना हे बुडबुडे दाखवायला हवे होते:
मूत्रपिंडाला जराही न शिणवता
त्याच्या गल्लीबोळांतून फिरून येतात,
आणि शेवटी श्वासावाटे निघून जातात,
कुणाला काही न मागता.

मग मी बटण दाबते.
एक लखलखाट, सगळे फुटतात.
पडदा काळा.
आता मोजायचं.

एक. दोन.
मॉनिटर कुणाच्या तरी नावाने टिटवीसारखा ओरडतो.
पाच.
पाचाला वरची साल उजळायला हवी होती.
सहा, सात.
ऑर्फेलिनाने श्वास धरलाय, मला कळतं,
कारण मीही धरलाय.
दहा.
अकराव्या सेकंदाला
कोरगुटाच्या शेतात कुणी पाट सोडावा
तशी कडेकडेने एक फिकट रेघ शिरली,
मध्येच कुठे थबकली, पुन्हा निघाली.
आतला भाग काळाच.

"भरलें?"
"भरतंय. सावकाश."
यावर तो काही बोलला नाही.
सावकाश म्हणजे किती, हे त्याला माझ्याहून जास्त कळत असावं.

बाहेर मुलगा उभा होता, कोपरात हेल्मेट.
मी अकरा म्हटलं, पाच म्हटलं,
डायलिसिस आजपासून, म्हटलं.
त्याने मान डोलावली, मग म्हणाला,
"पप्पांना सांगाल? आज अमावस्या.
दाराच्या फटीत खेकड्यांनी माती पोखरलीय.
फळी घातली मी, म्हणावं."

परत आत जाऊन सांगितलं.
सोयरूने पहिल्यांदा डोळे उघडले.
"कितवे खाचींत?"

तिसऱ्या दिवशी आकडा नऊ आला.
नऊ म्हणजे बरं नव्हे.
नऊ म्हणजे अकरा नव्हे, इतकंच
मला सहीनिशी म्हणता येतं.
शूपच्या मागे मात्र
काहीतरी होतं त्या सकाळी,
शेपूट म्हणू नये इतकं आखूड.
मी आवाज वाढवला.
सोयरू झोपला होता. तरी तसाच ठेवला.

पण त्या दिवशी, अमावस्येच्या,
मी यंत्र घेऊनच वळले,
मुलगा पार्किंगपर्यंत पोचला असेल म्हणून घाईने.
चाक त्याच फरशीवर अडलं.
यंत्र तिथेच सोडलं,
आणि जिन्यावरून खाली ओरडले,
"अरे, कितव्या खाचेत?"